विरळ हवेतील सोबत

माझे एक स्नेही भारतीय वायुसेनेत डॉक्टर होते. सेवानिवृत्तीनंतर ते पुण्यास स्थायिक झाले असून, ज्या कापडी बस्त्यात त्यांनी आपल्या नेमणुकांचे हुकूम, बदल्यांचे कागद आणि पदवीची सनद बांधून ठेवली आहे, त्याच बस्त्यात एक पिवळा पडलेला फूलस्केप कागद त्यांनी चाळीस वर्षे जपला आहे. त्या कागदावर निळ्या शाईत आकडे लिहिलेले आहेत: १०००, ९९३, ९८६, ९७९... एक हजारातून दर वेळी सात वजा करीत खाली उतरणारी ही आकड्यांची माळ पहिल्या सहा-सात ओळींत कोणाही मास्तरांनी वाखाणावी इतकी सुवाच्य आहे. पुढे आकडे थोडे मोठे होतात, ओळ उजवीकडे कलंडू लागते, ९३७ च्या खाली ९३० येते, त्याखाली पुन्हा ९३० येते, तिसऱ्यांदाही तेच येते, आणि त्यानंतर जे आहे त्याला आकडे म्हणता येत नाही. लेखणी कागदावर टेकली होती आणि हात हालत होता, एवढेच त्या रेघांवरून कळते.

बंगळूर येथील वायुसेनेच्या वैमानिकीय वैद्यक संस्थेत शिकत असताना ते ज्या पोलादी भिंतींच्या चेंबरमध्ये बसले होते, त्यातील हवा पंपाने उपसून आतला दाब २५,००० फूट उंचीवर असतो तितका खाली आणला होता, आणि मग तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क काढून त्यांना ही वजाबाकी लिहावयास सांगितले होते. या उंचीवर मनुष्याची बुद्धी कामाची राहते ती अवघी तीन ते पाच मिनिटे. "त्या तीन मिनिटांत मला काय वाटत होते सांगू?" ते मला म्हणाले. "मला वाटत होते की इतके सुरेख गणित मी जन्मात केले नाही. मास्क परत लावला, डोके ठिकाणावर आले, आणि मग हा कागद पाहिला."

प्राणवायूच्या तुटवड्याचे, ज्याला डॉक्टर हायपॉक्सिया म्हणतात त्याचे, सर्वांत घातक लक्षण हेच आहे. गुदमरल्यासारखे होत नाही, वेदना नसते, धोक्याची सूचना देणारी शरीरातली घंटा वाजत नाही. उलट एक प्रकारची प्रसन्नता येते, आणि ज्या मेंदूने चूक ओळखावयाची तोच मेंदू प्रथम निकामी होत असल्यामुळे चूक करणाऱ्याला आपली चूक कधीच दिसत नाही. या कागदाची आठवण मला पुन्हा अलीकडे झाली ती एका वेगळ्याच निमित्ताने. नात्यातला एक तरुण डॉक्टर याच शाखेकडे वळला असून, या विषयाच्या व्यावसायिक परिषदेची वर्गणी भरावी की नाही, वर्गणी भरून पदरात काय पडते, असा प्रश्न त्याने मला विचारला. मी वैद्यकातला माणूस नव्हे. परंतु माझ्या स्नेह्यांच्या संगतीत या शास्त्राचा जो काही इतिहास माझ्या वाचनात आला, तो या प्रश्नाचे उत्तर फार स्पष्टपणे देतो असे मला वाटते, आणि ते उत्तर सामान्य वाचकांनाही ठाऊक असावे, कारण आज आपल्यापैकी बहुतेकांच्या घरातले कोणी ना कोणी विमानाने प्रवास करीत असते.

इतर वैद्यकशास्त्रांत मनुष्य रोगी असतो आणि त्याच्या भोवतालची सृष्टी स्वाभाविक असते. या शास्त्रात मनुष्य धडधाकट असतो आणि भोवतालची सृष्टीच अस्वाभाविक असते. १८,००० फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा होतो; ३५,००० फुटांवर, जेथून आपली प्रवासी विमाने नित्य जातात तेथे, मास्कवाचून शुद्धीचा अवधी अर्ध्या ते एका मिनिटाचा असतो. लढाऊ विमान वेगाने वळते तेव्हा सत्तर किलोच्या वैमानिकाचे वजन नऊपट होऊन सहाशे तीस किलो भरते, रक्त पायांकडे उतरते आणि डोळ्यांपुढे प्रथम राखाडी व मग काळा पडदा येतो. ढगांत शिरल्यावर क्षितिज दिसेनासे झाले म्हणजे कानातील तोल सांभाळणाऱ्या नलिका मनुष्याला सरळ सरळ फसवितात, आणि विमान कलते आहे की स्थिर आहे हे त्याला आपल्या शरीरावरून सांगता येत नाही. निसर्गाने मनुष्य घडविला तो जमिनीवर चालण्यासाठी. त्याने स्वतःहून पत्करलेल्या या परदेशात त्याचे शरीर कसे वागेल, हे कोणत्याही प्राचीन संहितेत लिहिलेले नव्हते. ते एकेका उड्डाणातून, आणि पुष्कळदा एकेका मृत्यूतून, शिकावे लागले.

५ सप्टेंबर १८६२ रोजी इंग्लंडमधील वुल्व्हरहॅम्प्टन येथून जेम्स ग्लेशर हे हवामानशास्त्रज्ञ आणि हेन्री कॉक्सवेल हे बलूनचालक आकाशात चढले. हिमालयाच्या सर्वोच्च शिखराइतक्या, सुमारे २९,००० फुटांच्या उंचीवर ग्लेशर यांच्या हातापायांतील शक्ती गेली, दृष्टी गेली, आणि ते बेशुद्ध झाले. बलून वर चढतच होते. झडप उघडण्याची दोरी गुंतली होती. ती सोडविण्यासाठी कॉक्सवेल वरच्या कड्यावर चढले, थंडीने त्यांचे हात बधिर होऊन काळे पडले होते, तेव्हा त्यांनी ती दोरी दातांत धरली आणि मान हिसडून ओढली. झडप उघडली, बलून खाली येऊ लागले, ग्लेशर शुद्धीवर आले आणि त्यांनी पुन्हा आपल्या नोंदी लिहावयास घेतल्या. दोघांपैकी एकाचे भान अजून टिकून होते, म्हणून दोघेही जगले.

तेरा वर्षांनी, १५ एप्रिल १८७५ रोजी, पॅरिसहून 'झेनिथ' नावाचे बलून निघाले. त्यात गॅस्तॉं तिसांदिए, सिव्हेल आणि क्रोसे-स्पिनेली असे तिघे होते. पॉल बेर या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने कमी दाबाच्या पोलादी कोठीत स्वतःवर प्रयोग करून, उंचीवरचा आजार म्हणजे प्राणवायूचाच तुटवडा होय हे ताडले होते, आणि त्याच्या सल्ल्यावरून या तिघांनी प्राणवायूच्या पिशव्या बरोबर घेतल्या होत्या. त्या पुरेशा नाहीत असे बजावणारे बेर यांचे पत्र मात्र ते निघून गेल्यावर पोहोचले. प्राणवायू थोडा आहे, तेव्हा खरी गरज भासेल तेव्हाच तो वापरावा असे तिघांनी ठरविले. आणि गरज भासली तेव्हा नळीकडे हात नेण्याची शक्ती कोणातच उरली नव्हती. तिसांदिए वाचले, ते कायमचे बहिरे होऊन. इतर दोघे टोपलीतच गतप्राण झाले होते. वर चढताना मनात एक आंतरिक आनंद भरून आला होता, असे तिसांदिए यांनी पुढे लिहून ठेवले आहे. माझ्या स्नेह्यांना चेंबरमध्ये वाटलेला आनंद तो हाच.

पॉल बेर यांचे ते पत्र वेळेवर पोहोचते तर काय झाले असते, हा विचार माझ्या मनातून जात नाही. ज्ञान अस्तित्वात होते; ज्याला ते हवे होते त्याच्यापर्यंत ते पोहोचविणारी वाट तेवढी नव्हती. व्यावसायिक परिषद म्हणजे अशी वाट अगोदरपासून बांधून ठेवणे.

अमेरिकेत ती वाट बांधणारा मनुष्य लुई बाउअर नावाचा डॉक्टर होता. सैन्यातून बाहेर पडल्यावर १९२६ मध्ये तो तेथील व्यापार खात्याच्या विमानविभागाचा पहिला वैद्यकीय संचालक झाला. वैमानिकाला परवाना द्यावयाचा तर त्याची शरीरप्रकृती तपासली पाहिजे. ती तपासणार कोण, तर गावोगावचे डॉक्टर. म्हणून बाउअरने निरनिराळ्या गावांतील डॉक्टर निवडून त्यांना परीक्षक नेमले. हे डॉक्टर आपापल्या गावी एकाकी होते. कोणाला कान-नाक-घसा ठाऊक, कोणाला डोळे; परंतु उडणाऱ्या मनुष्याचे काय होते हे पुरतेपणी कोणालाच ठाऊक नव्हते, आणि त्यांतील एकाला पडलेला पेच दुसऱ्याला कळण्याची काही सोय नव्हती. १९२९ मध्ये बाउअरने या मंडळींना एकत्र आणून परिषद स्थापन केली, स्वतः तिचा पहिला अध्यक्ष झाला, आणि पुढच्याच वर्षी तिचे नियतकालिक सुरू करून त्याचे संपादकत्वही अंगावर घेतले. तीच संस्था आज एरोस्पेस मेडिकल असोसिएशन या नावाने चालते. विमानाला अंतराळ जोडले गेल्यावर १९५९ मध्ये तिचे हे नाव पडले. निरनिराळ्या देशांतील सैनिकी व नागरी डॉक्टर, शरीरशास्त्रज्ञ, परिचारिका, मानसशास्त्रज्ञ आणि अभियंते तिचे सभासद आहेत.

आपल्याकडील एक दृष्टांत येथे द्यावासा वाटतो. १९१० साली पुण्यात राजवाडे आणि मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले, तेव्हा मराठ्यांच्या इतिहासाची साधने नव्हती असे नाही. ती वाड्यावाड्यांतील माळ्यांवर, रुमालांत आणि पेटाऱ्यांत पडून होती. एकेका घरातला एकेक कागद त्या घरच्या मंडळींना अर्थहीन वाटे: कुठे एक यादी, कुठे तारीख नसलेले पत्र. असे शेकडो कागद एका ठिकाणी वाचले गेले तेव्हा एका कागदाने दुसऱ्याची तारीख ठरविली आणि दुसऱ्याने तिसऱ्याचा मजकूर उलगडला. वैमानिकीय वैद्यकाची स्थिती तंतोतंत अशी आहे. हृदयरोगतज्ज्ञ एका महिन्यात शेकडो रोगी पाहतो. परंतु विमानदलाच्या तळावरील डॉक्टरच्या उभ्या कारकिर्दीत आकाशात शुद्ध हरपण्याच्या घटना एखाद-दुसऱ्याच घडतात, आणि त्या घडू नयेत हेच त्याचे काम असते. ज्याचे यश काहीही न घडण्यात आहे, त्याला अनुभव मिळावा कोठून? तो दुसऱ्यांच्या दप्तरांतूनच मिळावयाचा.

एक साधे उदाहरण पाहू. नाशिकला सैन्याच्या हेलिकॉप्टर-वैमानिकांचे शिक्षण होते. समजा, अशा एखाद्या तळावरील तरुण डॉक्टरकडे महिन्याभरात तीन वैमानिक कंबर धरून येतात. एकाला तो विश्रांती सांगतो, दुसऱ्याला गोळी देतो, तिसऱ्याला क्ष-किरण तपासणीस धाडतो. चित्रात काही निघत नाही. तिघे तीन स्वतंत्र रोगी, असेच त्याने धरले तर त्यात त्याचा दोष नाही. परंतु परिषदेच्या नियतकालिकाचे जुने अंक चाळताना त्याला आढळते की जगभरच्या हेलिकॉप्टर-वैमानिकांची हीच तक्रार आहे, आणि तिचे कारण त्यांच्या बैठकीत आहे: डाव्या हाताने कलेक्टिव्ह नावाची दांडी वरखाली करावी लागते, उजव्या हाताने दोन गुडघ्यांमधली दांडी धरावी लागते, दोन्ही पाय पेडलवर अधांतरी तोललेले, त्यामुळे कणा पुढे वाकतो व डावीकडे कलतो, आणि अशा स्थितीत तासन् तास खालून यंत्राचा थरथराट बसत राहतो. आता तो डॉक्टर रोग्यांऐवजी आसनाकडे पाहतो. गादीची जाडी, पाठीचा आधार, सलग उड्डाणाची मुदत यांविषयी तो वरिष्ठांना शिफारस लिहून पाठवितो, आणि त्या शिफारशीखाली त्याच्या एकट्याच्या मताऐवजी सर्व देशांतील समव्यावसायिकांच्या नोंदींचे वजन असते. दप्तरी कामकाज ज्यांना ठाऊक आहे त्यांना या वजनाची किंमत सांगावयास नको.

यापेक्षा अवघड प्रसंग येतो तो वैमानिकाच्या मेडिकलच्या वेळी. प्रवासी विमानाच्या वैमानिकाला ठरावीक मुदतीने वैद्यकीय तपासणीस उभे राहावे लागते. तिच्यात तो उतरला तर परवाना चालू, न उतरला तर जमिनीवर. टेबलाच्या एका बाजूस चाळिशी उलटलेला, घराचे कर्ज डोक्यावर असलेला, उड्डाणाखेरीज दुसरा कोणताही धंदा न शिकलेला मनुष्य बसलेला असतो. दुसऱ्या बाजूस डॉक्टर. आणि त्या खोलीत न दिसणारे दीड-दोनशे प्रवासी. हृदयाच्या आलेखात एक किंचित फेरफार दिसला. 'अनफिट' लिहावे, तर कदाचित एका निरोगी मनुष्याची उपजीविका गेली. 'फिट' लिहावे, तर कदाचित एक दिवस उतरत्या विमानात त्याची मान पुढे पडली. अशा वेळी केवळ सद्भावनेचा किंवा केवळ भीतीचा उपयोग नसतो. तेथे मोजमाप लागते. हृदयरोगतज्ज्ञ व वैमानिकीय डॉक्टर यांच्या परिषदांतून अशा मोजमापाचा जो एक दंडक रूढ झाला, त्यास एक टक्क्याचा नियम म्हणतात: ज्याला येत्या वर्षात एकाएकी असमर्थ होण्याचा धोका शंभरात एकाहून अधिक नाही, तो दोन वैमानिकांच्या विमानात उडू शकतो. हा दंडक बरोबर की चूक यावर विद्वानांत अजून वाद चालतो, आणि तो चालावा. परंतु वाद चालण्यासाठी एक आखाडा लागतो, नोंदी लागतात, आणि एकमेकांना ओळखणारे प्रतिपक्षी लागतात. इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेही वैमानिकास ब्रिटनने २०१२ पासून ठरावीक देखरेखीखाली व्यावसायिक उड्डाणाची मुभा दिली. पूर्वी असा मनुष्य कायमचा बाद ठरत असे. दंडक कडक करण्याइतकेच ते सैल करण्यासाठीही ज्ञान लागते, आणि माझ्या मते दुसऱ्या कामाला अधिक धैर्य लागते.

प्राणवायूचा तो जुना तुटवडा आजच्या विमानातही गाठू शकतो. १४ ऑगस्ट २००५ रोजी सायप्रसहून अथेन्सकडे निघालेल्या हेलिओस कंपनीच्या विमानात केबिनमधील दाब राखणाऱ्या यंत्रणेचे बटण स्वयंचलित स्थितीत नव्हते. विमान चढू लागले तसा भोंगा वाजला. तो दुसऱ्याच बिघाडाचा आहे असे वैमानिकांस वाटले. कॅप्टन तळावरील अभियंत्यांशी बोलत होता, आणि बोलता बोलता त्याचे बोलणे थांबले. ते विमान स्वयंचालकाच्या बळावर इंधन संपेपर्यंत आकाशात घिरट्या घालीत राहिले आणि ग्रीसमधील डोंगरावर आदळून १२१ माणसे गेली. माझ्या स्नेह्यांनी हा वृत्तांत मला सांगितला तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "त्या कॅप्टनलाही ९३० च लिहीत राहावेसे वाटत असणार."

२४ मार्च २०१५ रोजी फ्रान्समधील आल्प्स पर्वतात जर्मनविंग्जचे विमान कोसळले, तेव्हा प्रश्न निराळा होता. सहवैमानिकाने विमान जाणूनबुजून खाली नेले. १५० जीव गेले. आणि मागाहून उघड झाले की तो मनाने आजारी होता, डॉक्टरांकडे गेला होता, त्या दिवशी कामावर जाऊ नये असा दाखलाही त्याला मिळाला होता, आणि तो त्याने कंपनीपासून लपविला होता. अशा आपत्तीनंतर लोकमताचा जो क्षोभ होतो त्यात सर्वांत सोपी मागणी असते ती कठोर तपासणीची: प्रत्येक वैमानिकाची मानसरोगतज्ज्ञाकडून दरवर्षी कसून परीक्षा घ्या. एरोस्पेस मेडिकल असोसिएशनने वैमानिकांच्या मानसिक स्वास्थ्याविषयी तज्ज्ञांचा एक गट त्यापूर्वीच नेमला होता. २०१२ मध्ये त्या गटाने शिफारशी केल्या होत्या, आणि या अपघातानंतर त्याने त्या पुन्हा तपासून मांडल्या. मनाचा अवचित उद्रेक कोणत्याही विस्तृत परीक्षेने आगाऊ ओळखता येत नाही. उलट निद्रानाश, खिन्नता, मद्य, घरातील कलह यांसारख्या नेहमीच्या आणि उपचारसाध्य गोष्टींविषयी डॉक्टरने नित्याच्या तपासणीतच आपुलकीने विचारावे, आणि खरे सांगितले तर परवाना जाईलच अशी भीती वैमानिकाला वाटू नये, असा त्या शिफारशींचा रोख होता. प्रक्षुब्ध लोकांसमोर उभे राहून असे सांगणे एकट्या डॉक्टरला जमले नसते. त्याला कोणी विचारलेच नसते, आणि विचारले असते तरी त्याच्या बोलण्यावर तो आपल्या गिऱ्हाइकांची बाजू घेतो असा आळ आला असता.

आता आपल्यासारख्या प्रवाशांकडे वळतो. प्रवासी विमानाच्या केबिनमधील दाब समुद्रसपाटीइतका नसतो. तो जास्तीत जास्त ८,००० फूट उंचीवर असतो तितका, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दीडपट उंचीवर असतो तितका, ठेवलेला असतो. त्या दाबाला कोंडलेली हवा सुमारे एक तृतीयांशाने फुगते. निरोगी माणसाच्या कानात दडे बसतात, पोट थोडे फुगते, एवढेच. परंतु ज्याच्या डोळ्याच्या पडद्यावर शस्त्रक्रिया करून आत वायूचा बुडबुडा सोडला आहे, त्याने तो विरून जाण्यापूर्वी विमानात पाऊल ठेवले तर तोच बुडबुडा फुगून डोळ्याला कायमचे अंधत्व आणू शकतो. फुप्फुसाचा विकार, नुकतीच झालेली पोटाची शस्त्रक्रिया, अवघडलेली स्त्री, ताजा हृदयविकाराचा झटका: या सर्वांविषयी प्रवासाला परवानगी द्यावी की नाही, हे मुलाबाळांना भेटायला अमेरिकेस निघालेल्या आजोबांना त्यांचा सांगलीचा किंवा अकोल्याचा डॉक्टर सांगत असतो, आणि त्याने हा विषय कॉलेजात बहुधा शिकलेला नसतो. त्याच्यासारख्यांसाठी या परिषदेने विमानप्रवासाविषयीच्या वैद्यकीय सूचनांची पुस्तिकाच तयार केली. तिची दुसरी आवृत्ती २००३ मध्ये निघाली. परिषदेत कधीही पाऊल न ठेवलेल्या डॉक्टरच्या, आणि तिचे नावही न ऐकलेल्या रुग्णाच्या, उपयोगी पडलेले हे काम मला तिच्या सर्व परिसंवादांहून थोर वाटते.

एवढे गुणगान केल्यावर एका काळ्या पानाचा उल्लेख टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. समव्यावसायिक एकत्र जमले म्हणजे सत्य आपोआप उजेडात येते, असे नाही. ऑक्टोबर १९४२ मध्ये न्यूरेंबर्ग येथे जर्मन डॉक्टरांची एक बैठक भरली होती. समुद्रात पडलेल्या व थंडीत सापडलेल्या वैमानिकांना कसे वाचवावे हा तिचा विषय होता, आणि डाखाऊच्या छळछावणीतील बंद्यांना बर्फगार पाण्यात बुडवून केलेल्या प्रयोगांची माहिती तेथे सादर झाली. त्याच छावणीत बंद्यांना कमी दाबाच्या चेंबरमध्ये कोंडूनही प्रयोग झाले होते. म्हणजे माझ्या स्नेह्यांनी ज्या यंत्रात बसून वजाबाकी केली, त्याच जातीच्या यंत्रात माणसे मारली गेली. सभेत विद्वान बसले होते. निषेध झाला नाही. श्रोत्यांत ह्युबर्टुस स्ट्रुगहोल्ड होते, जे युद्धानंतर अमेरिकेत गेले आणि अंतराळ-वैद्यकाचे जनक म्हणून गौरविले गेले. त्यांच्या नावाचा पुरस्कार तेथील अंतराळ-वैद्यक परिषद अनेक वर्षे देत होती. पुढे त्यांच्या युद्धकाळातील वर्तनाविषयीचे कागद लोकांसमोर आले, सभासदांत तीव्र मतभेद झाले, आणि २०१३ मध्ये परिषदेने तो पुरस्कार बंद केला. हा निर्णय फार उशिरा झाला असे माझे मत आहे. परंतु तो झाला, तो सभासदांनी आपल्याच संस्थेत, आपल्याच पूर्वसूरींविरुद्ध बोलून घडविला. आणि १९४२ च्या त्या सभागृहात जे एकानेही केले नाही ते करण्याची जागा अशीच असते. परिषदेचा सभासद होणे म्हणजे तेथे जाऊन टाळ्या वाजविणे एवढेच असेल तर वर्गणी न भरलेली बरी.

आपल्या देशात या शास्त्राचे माहेरघर म्हणजे बंगळूरची ती संस्था. १९५७ मध्ये ती सुरू झाली. राकेश शर्मा आणि रवीश मल्होत्रा यांची अंतराळप्रवासासाठी निवड होण्यापूर्वी त्यांची कसून परीक्षा तेथेच झाली, आणि गगनयानासाठी निवडलेल्या वैमानिकांची पारखही तेथेच झाली. ही संस्था सुरू झाली त्याच दशकात येथील डॉक्टरांनी आपली परिषद स्थापन केली. ती आज इंडियन सोसायटी ऑफ एरोस्पेस मेडिसिन म्हणून ओळखली जाते, तिचे वार्षिक अधिवेशन भरते आणि तिचे स्वतःचे नियतकालिक निघते. या विषयात एम. डी. होणारे डॉक्टर दरवर्षी मोजकेच असतात, आणि त्यांतील कित्येक पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून आलेले असतात. पुढे हे लोक पांगतात: कोणी लोहगावला सुखोईच्या वैमानिकांजवळ, कोणी गोव्यात दाभोळीच्या नौदल तळावर, कोणी लेहला, कोणी आसामात. मुंबईत विमान कंपन्यांचे डॉक्टर आहेत, आणि नागरी उड्डाण महासंचालनालयाने मान्यता दिलेले खासगी परीक्षक आहेत. सैनिकी डॉक्टरला लढाऊ विमानाचे शरीरावरील परिणाम ठाऊक असतात, पण साठीच्या वैमानिकाचा रक्तदाब त्याला क्वचित पाहावयास मिळतो. नागरी परीक्षकाचे नेमके उलट. वर्षातून एकदा हे दोघे एका छपराखाली चहा घेतात, ही गोष्ट दिसायला क्षुल्लक आहे.

माझे स्नेही अशा अधिवेशनाला प्रथम गेले तेव्हा ते पूर्वेकडच्या एका लहान तळावर एकटेच डॉक्टर होते. तेथे एका तरुण वैमानिकाला रात्रीच्या उड्डाणात विमान उलटे झाल्याचा भास झाला होता, आणि हे त्याने कोणाला न सांगता फक्त त्यांना सांगितले होते. ते वरिष्ठांना कळवावे तर त्या मुलाच्या कारकिर्दीवर डाग पडेल, न कळवावे तर पुढल्या वेळी काय होईल, या विवंचनेत त्यांनी चार महिने काढले. अधिवेशनात त्यांनी नावगाव न सांगता ही हकिगत दुपारच्या जेवणाच्या वेळी एका वयोवृद्ध डॉक्टरांपुढे मांडली. त्या गृहस्थांनी हातातील ताट खाली ठेवले आणि म्हणाले, "अहो, हे मला स्वतःला झाले आहे." पाठोपाठ शेजारच्या टेबलावरील दोघे उठून आले. त्या दुपारी माझ्या स्नेह्यांना कळले की हा भास निरोगी कानाचा धर्म आहे, तो लपविणाराच धोक्यात असतो, आणि त्या मुलाला काढून टाकण्याऐवजी उपकरणांवर विश्वास ठेवण्याचा सराव द्यावयाचा असतो. तो वैमानिक पुढे वीस वर्षे उडाला.

हे सर्व मी त्या तरुण डॉक्टरला सांगितले, आणि मग त्याला घेऊन स्नेह्यांकडे गेलो. त्यांनी बस्ता सोडला, फूलस्केप कागद काढून त्याच्या हातात दिला. त्याने आकडे वाचले, तीन वेळा आलेल्या ९३० वर बोट ठेवले, आणि हसावे की नाही हे न कळून वर पाहिले. "उलटा करा," स्नेही म्हणाले. इतक्या वर्षांत तो कागद मीही कधी उलटून पाहिला नव्हता. चेंबरमध्ये शिकणाऱ्याच्या शेजारी एक मनुष्य सबंध वेळ मास्क लावून बसलेला असतो. मागच्या बाजूस, शिशाच्या पेन्सिलीने, त्याच्या स्थिर आणि बारीक अक्षरांत, दोन ओळी होत्या: पहिलीत 'नखे निळी, हाक मारली, उत्तर नाही', आणि दुसरीत, वेळेच्या आकड्यापुढे, 'मास्क लावला'.